सरकारी वेबसाइटची सुगम्यता

सरकारी वेबसाइट, ॲप, पीडीएफ, व्हिडिओ हे सगळं अंध, कमी दिसणाऱ्या, कर्णबधिर, हात नीट न चालणाऱ्या किंवा वाचायला-समजायला वेळ लागणाऱ्या माणसाला स्वतःचं स्वतः वापरता येणं म्हणजे सुगम्यता उर्फ ॲक्सेसिबिलिटी. यात 'स्वतःचं स्वतः' हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुसऱ्याच्या मदतीनं तर काहीही होतं, नागपुरात सेतू केंद्रात किंवा गल्लीतल्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जा, पोरगा बसल्या बसल्या फॉर्म भरून देतो, पण त्यासाठी आधार नंबर, पासबुक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्याच्या हाती द्यावा लागतो, आणि ज्याला स्क्रीनच दिसत नाही त्यानं तो पोरगा काय भरून राहिला हे तपासायचं कसं?

कायद्याचं म्हणाल तर कायदा भरपूर आहे. भारतानं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला, मग 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम असावा असं सरळ लिहिलंय. या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरलेत, त्यात सिकलसेलही आहे, म्हणजे विदर्भातले कितीतरी पेशंट आता यात मोडतात, आणि दुखणं उठलेलं असताना ऑफिसचे चकरा मारणं ज्याला जमत नाही त्याच्यासाठी घरी बसून भरता येणारा फॉर्म ही चैन नाही. वेबसाइट कशी असावी याचं केंद्राचं मार्गदर्शक पुस्तक, जीआयजीडब्ल्यू, 2009 मध्ये आलं, तिसरी आवृत्ती 2023 ची, आणि ती डब्ल्यूसीएजी 2.1 या जागतिक निकषांच्या डबल-ए पातळीवर उभी आहे. डबल-ए म्हणजे एकूण 50 मुद्दे पास व्हायला पाहिजेत. पास झालेल्या साइटला केंद्राची एसटीक्यूसी ही संस्था सर्टिफिकेट देते.

महाराष्ट्रानं 2022 च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याण हा वेगळा विभाग काढला. सुप्रीम कोर्टानं तर दोनदा कान धरले. 8 नोव्हेंबर 2024 ला, राजीव रतुरी या अंध याचिकाकर्त्याच्या निकालात, या कायद्याखालच्या 2017 च्या नियमांतला सुगम्यतेचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यात नुसत्या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती. आणि 30 एप्रिल 2025 ला ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात (डोळे मिचकावा, फोटो काढा असं सांगणारी ॲप अंध माणसानं आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बाईनं कशी वापरायची हा प्रश्न होता) डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं.

आता मराठीत हे नेमकं अडतं कुठं ते बघू. बहुतेकांना वाटतं होमपेजवर वर कोपऱ्यात छोटा ए मोठा ए आणि व्हीलचेअरचं चित्र असलं की साइट सुगम झाली. अंध माणूस त्या बटणांना हातही लावत नाही, त्याच्याकडे स्वतःचा स्क्रीन रीडर असतो, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए (फुकट आहे, 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झाला) किंवा जॉज, मोबाइलवर टॉकबॅक. हा प्रोग्राम स्क्रीनवरची अक्षरं वाचून बोलतो. फक्त अक्षरं पाहिजेत. आणि गाडी तिथंच फसते, कारण सरकारी कामाचा खरा मजकूर होमपेजवर नसतोच, तो जीआर, जाहिरात, पात्र-अपात्र यादी, टेंडर अशा पीडीएफमध्ये असतो. तो पीडीएफ बनतो असा की कारकून मजकूर टाइप करतो, प्रिंट काढतो, साहेबाची सही होते, शिक्का बसतो, मग स्कॅन करून अपलोड. म्हणजे जे आधी अक्षर होतं त्याचा फोटो झाला. म्हणजे बाहेर झकास रॅम्प बांधला आणि आतल्या दाराला कुलूप. डिजिटल सहीनं हे टाळता येतं, राज्याच्या कितीतरी जीआरखाली संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीची ओळ असतेच, तरी खालच्या ऑफिसांत स्कॅनचीच सवय जात नाही.

दुसरी भानगड जुन्या फॉन्टची. कृतीदेव, शिवाजी, सुरेख या फॉन्टमध्ये आत खरं देवनागरी नसतंच, आत इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून नुसता देवनागरी मुखवटा. कृतीदेवमध्ये 'नागपूर' लिहिलं की फाइलमध्ये जातं यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. डोळ्यानं बघणाऱ्याला नागपूर दिसतं, स्क्रीन रीडर ऐकणाऱ्याला काहीतरी बडबड, आणि सर्चमध्ये नागपूर टाकून ती फाइल कोणालाच सापडत नाही, डोळसालाही नाही! उपाय युनिकोड, म्हणजे आतही खरं देवनागरी साठवणारी पद्धत, तो आहे, पण युनिकोडमधून केलेल्या पीडीएफमध्येही कधी रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरं फुटतात, म्हणून मजकूर सरळ वेबपेजवरच टाकावा आणि पीडीएफ फक्त जोडीला ठेवावा हे बरं.

मग भाषेचा टॅग. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, त्यामुळे पानाच्या कोडमध्ये 'हे मराठी आहे' असं लिहिलं नसलं तर स्क्रीन रीडर बऱ्याचदा हिंदी आवाजात वाचतो, 27 हा आकडा सत्तावीसऐवजी सत्ताईस होतो, 'चांगला'तल्या च ची वाट लागते. एका ओळीचं काम, पण ठेकेदार सगळीकडे इंग्रजीचाच टॅग ठेवून मोकळा होतो.

फॉर्मचं दुखणं वेगळं. जिल्हा, तालुका, गाव अशा एकाखाली एक याद्या असतात, नागपूर निवडलं की 14 तालुके यायला पाहिजेत, पण बऱ्याच ठिकाणी पान पुन्हा लोड होतं आणि कीबोर्डवर चालणारा माणूस फेकला जातो थेट पानाच्या डोक्यावर, पुन्हा टॅब टॅब करत खाली या, उमरेड निवडा, पुन्हा वर. हे अंधांनाच नाही, ज्यांचे हात थरथरतात आणि माउस धरता येत नाही त्यांनाही होतं. त्यात चित्रातला कॅप्चा (समोर माणूस आहे की मशीन हे तपासणारी वाकडीतिकडी अक्षरं), त्याला आवाजाचा पर्याय नसला की खेळ खल्लास, आणि असला तरी आवाज इंग्रजीत. वेळ संपला म्हणून सेशन उडणं हेही यातलंच, निकष म्हणतात आधी सांगा आणि वेळ वाढवून द्या.

कमी दिसणाऱ्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्याचा फरक, लागतो, पिवळ्यावर पांढरं चालत नाही. सरकत्या सूचना आणि लुकलुकणारं लाल 'नवीन' पाच सेकंदांच्या वर हलत असेल तर थांबवायचं बटण हवं.

कर्णबधिरांचा विचार सगळ्यात कमी होतो, ऐकू येत नाही पण वाचता तर येतं ना, असं म्हणतात. व्हिडिओला कॅप्शन तर पाहिजेच, पण ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा त्यांना लिहिलेली मराठी ही दुसरी भाषा असते, आणि 'उपरोक्त संदर्भीय शासन निर्णयान्वये' हे वाक्य तर नागपूरच्या धंतोलीतल्या वकिलालाही दोनदा वाचावं लागतं.

तपासायचं कसं? माउस काढून ठेवा आणि नुसत्या टॅब आणि एंटरवर एक अर्ज पूर्ण करून बघा. पीडीएफमधली एक ओळ सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट करा, काहीच आलं नाही तर फोटो आहे, कचरा आला तर जुना फॉन्ट. ऑटोमॅटिक टूल चित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते शब्दांत) आहे का एवढं सांगतं, तो 'इमेज1' आहे की कामाचा आहे हे सांगत नाही, म्हणून शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाराच माणूस बसवावा लागतो, आणि त्याला त्याचे पैसे द्यावे. नागपुरात दीक्षाभूमीजवळ अंध विद्यालय आहे, दिव्यांगांसाठीचं केंद्र सरकारचं सीआरसी हे पुनर्वसन केंद्र आहे, माणसं शोधायला लांब जायची गरज नाही.

तक्रार आधी त्या विभागाकडे, नाही ऐकलं तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. 2016 च्या कायद्याच्या कलम 89 खाली पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच केलं तर 50,000 ते 5 लाख. तक्रारीत पानाचा पत्ता, तारीख, कोणता स्क्रीन रीडर आणि नेमका कोणत्या बटणावर अडला हे लिहावं, नुसतं 'साइट चालत नाही' लिहिलं तर 'आमच्याकडे चालते' असं उत्तर येतं.