पाटणचा वारसा आणि एकसष्टचं गणित

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे चंडिकेचं दर्शन घेतात, जंगलात भटकतात आणि परततात. तिथल्या शिलालेखापाशी क्वचितच कुणी थांबतं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला, त्याची ही नोंद, इ.स. १२०७ ची. आचार्यांचं मूळ गाव कोणतं यावर वाद आहे, पण मठ मात्र आपल्या खानदेशातलाच.

हल्ली मोबाइलवर मेसेज फिरतो की आचार्यांना दिव्यदृष्टीने उत्तरं दिसायची. हा त्यांचा गौरव नाही, अपमान आहे. त्यांनी रीत लिहून ठेवली आहे.

११५० च्या सुमाराच्या ‘बीजगणिता’तलं त्यांचं उदाहरण बघा: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? ६१ ऐवजी ६० असते तर उत्तर ४ (१६×६०+१ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग). ६२ असते तर ८. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि मिळणाऱ्या वर्गाचं मूळ १,७६,६३,१९,०४९!

एकेक आकडा तपासत इथवर कोण पोचणार? आचार्य चक्रवाल पद्धतीने जातात, म्हणजे चाकासारखी तीच कृती पुन्हापुन्हा करत उत्तराकडे सरकतात. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१×१ पेक्षा ३ जास्त. जोडी (८, १), चूक ३. आता असा आकडा घ्या, जो ८ मध्ये मिळवला की बेरजेला ३ ने भाग जातो आणि ज्याचा वर्ग ६१ च्या जवळ असतो: ७. मग (८×७+६१)÷३ = ३९, (८+७)÷३ = ५ आणि नवी चूक (४९−६१)÷३ = −४.

यापुढे सातव्या शतकातले गणिती ब्रह्मगुप्त यांची, जोड्या एकमेकींत गुंफण्याची ‘भावना’ नावाची रीत कामाला येते. दोन जोड्या घ्या. मोठ्यांचा गुणाकार, अधिक लहानांच्या गुणाकाराची ६१ पट, हा नवा मोठा. तिरक्या गुणाकारांची बेरीज हा नवा लहान. यात चुकांचाही गुणाकार होतो, आणि सगळी गंमत इथेच आहे. (३९, ५) तीनदा गुंफली की चूक −६४ होते. दोन्ही आकड्यांना ८ ने भागलं की चूक ६४ पट घटते आणि −१ उरते. जोडी येते (२९७१८, ३८०५). पहिल्याचा वर्ग ८८,३१,५९,५२४, दुसऱ्याच्या वर्गाची ६१ पट ८८,३१,५९,५२५. लागोपाठचे आकडे! ही जोडी स्वतःशीच गुंफली की चूक १ होते आणि नवा मोठा म्हणजे या दोन आकड्यांची बेरीज: १,७६,६३,१९,०४९.

या संख्येला २२,६१,५३,९८० ने भागलं तर ६१ चं वर्गमूळ दशांश चिन्हापुढे सतराव्या स्थळापर्यंत बरोबर येतं. फ्रेंच गणितज्ञ फर्मानं १६५७ मध्ये फ्रेनिकल या गणितज्ञाला घातलेल्या कोड्यातही हेच ६१ होतं.

गाडीला बेरीज ९ येणारा नंबर हवा म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांना सांगावंसं वाटतं: अंकांच्या बेरजेतून फक्त ९ ने भागल्यावर उरणारी बाकी कळते. आपल्या १,७६,६३,१९,०४९ च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे १०, म्हणजे १. बाकी १ उरते, एवढंच.

वहीवर करून बघायचं तर ६१ च्या जागी १३ घ्या. (३, १) पासून सुरुवात करा, चूक तिथेही −४ आहे. ८ ने भागल्यावर (१८, ५) मिळेल आणि शेवटी मोठा आकडा ६४९ यायला हवा.