बोअर मारताना आणि बोअर साफ करताना: हवा एकच, काम वेगळं

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत बोअरची गाडी लागली की आधी भुकटीचे लोट निघतात आणि पाणी लागलं की गढूळ पाण्याचे फवारे. कॉम्प्रेसर तोच असतो, त्यामुळे ‘हवेचा जोर वाढवला की सगळं वर येतं’ असा समज पक्का होतो. मग जुना बोअर फ्लशिंग करतानाही, म्हणजे हवा सोडून आतला गाळ-रेती उपसतानाही, लोक मोठाच कॉम्प्रेसर शोधतात. हा खर्च बरेचदा वाया जातो.

कोरड्या बोअरमध्ये चुरा उचलते ती हवेची गती. हवा बोअर मारणाऱ्या पोकळ रॉडमधून खाली जाते आणि रॉड व खडकाच्या मधल्या फटीतून वर येते. एक मिलिमीटरचा रेतीचा कण हवेत सेकंदाला सहा-सात मीटर वेगानं पडतो, म्हणजे वर येणाऱ्या हवेची गती त्याहून जास्त हवीच. प्रत्यक्षात ती पंधरा मीटरच्या आसपास किंवा वर ठेवतात. तूर उफणताना वारा पडला की भूसही पायाशीच पडतं, तसंच इथं: फट रुंद झाली, गती घटली, की खपल्या तिथंच घुटमळतात.

भरल्या बोअरची गोष्ट निराळी. पाण्यात सोडलेल्या पाईपच्या तळाशी हवा दिली की बुडबुड्यांमुळे आतलं पाणी हलकं होतं आणि बाहेरचं जड पाणी त्याला वर ढकलतं. रेती वाहून आणतं ते पाणी. तोच कण पाण्यात सेकंदाला जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर बुडतो, त्यामुळे पाण्याची बेताची चालही पुरते. इथं महत्त्वाचं काय, तर पाईप पाण्यात किती खोल आहे ते. पाणी शंभर फूट उचलायचं असेल तर हवा पातळीखाली सुमारे दीडशे फुटांवर सोडलेली बरी. दर तेहतीस फूट पाण्यामागे साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो, म्हणजे सुरुवातीला साडेचार किलोच्या वर. हवा फार झाली तर ती मधून सुसाट निघते, पाणी पाईपच्या कडांना चिकटून राहतं आणि उपसा उलट कमी होतो.

उपसा चालू असताना पाणी धक्क्याधक्क्यानं येतं. दोन मोठ्या बुडबुड्यांमधला पाण्याचा गोळा रेती वर नेतो. बुडबुड्याच्या कडेनं मात्र पाण्याचा पातळ थर खाली घसरतो आणि थोडी रेती परत नेतो. हवा बंद केली तर पाईपमधली सगळीच रेती तळाला बसते. भेगांतला गाळ सुटावा म्हणून हवा बंद-चालू करणं चांगलं, पण शेवट सलग चालवूनच करा.

खरी अडचण या दोन्हींच्या मधल्या टप्प्यात येते. पाणी नुसतं झिरपतंय, त्यात काळ्या खडकाच्या दोन थरांमधली लाल चिकण माती लागली, की भुकटीचा लगदा होऊन रॉडभोवती कडं धरतो. खालची हवा कोंडते आणि रॉड अडकतो. ओल वाढू नये म्हणून पाणी टाकू नका, असा आग्रह शेतकरी धरतात. तो सोडावा. चालक वरून पाणी किंवा फेस सोडतो तेव्हा तो हा लगदा पातळ करून वाहता करत असतो.

मोटर उतरवण्याआधी बादलीभर पाणी निवळू द्या आणि तळ बोटांनी चोळून पाहा. अजून रेती लागत असेल तर फ्लशिंग चालू ठेवा. सबमर्सिबलचे इम्पेलर (पाणी ढकलणारी फिरती चाकं) आणि बुश (दांड्याला आधार देणाऱ्या कड्या) त्याच रेतीनं झिजतात.