फोर्ट लॉडरडेलला पोहायला जायचंय? मुलांचा व्हिसा नेमका कुठे अडतो

फ्लोरिडातलं फोर्ट लॉडरडेल म्हणजे जलतरणाची पंढरीच. एका अंगाला अटलांटिकची वाळू, दुसऱ्या अंगाला इंट्राकोस्टल जलमार्ग आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर शहराचं सार्वजनिक जलतरण संकुल. त्याच्या शेजारी आंतरराष्ट्रीय स्विमिंग हॉल ऑफ फेमची जागा. १९६५ च्या पहिल्याच मानकऱ्यांत जॉनी वाइसमुलर आणि गर्ट्रूड एडर्ली हे नामवंत जलतरणपटू होते. नव्याने बांधलेलं संकुल जानेवारी २०२३ मध्ये उघडलं, तेव्हा तिथे २७ मीटर उंचीचा डायव्हिंग टॉवर उभा राहिला होता. पोहणाऱ्या मुलाला तिथल्या पाण्यात उतरावंसं वाटणारच.

पण स्पर्धेचं पत्र आलं, क्लबात पेढे वाटले गेले आणि मग व्हिसा नाकारला गेला, असं वारंवार घडतं. मूल रडतं, पालक खचतात आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते. म्हणून जिथे गाडी अडते तिथलंच सविस्तर सांगते.

पहिला अडसर घरातच असतो: जन्मदाखला. नगरपालिकेच्या अनेक जुन्या दाखल्यांवर आईवडिलांची नावं असतात आणि मुलाच्या नावाची जागा कोरी असते. शाळेत ते खपून जातं, पण पासपोर्टच्या वेळी आणि वयोगट ठरवताना खपत नाही. नोंदणीपासून १५ वर्षांच्या आत विलंब शुल्क भरून नाव चढवता येतं. मूल १३-१४ वर्षांचं असेल तर हे काम आजच हाती घ्या. जन्मनोंदणीच्या खिडकीवर 'उद्या या' किती वेळा ऐकावं लागेल याचा नेम नाही, आणि एका कोऱ्या रकान्यासाठी लोकांना इतके हेलपाटे घालायला लावणं योग्य नव्हे.

पासपोर्टची तारीखही बघा. लहान मुलाचा पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतचा असतो, यातलं जे आधी येईल ते. मोठ्यांच्या १० वर्षांच्या सवयीने पालक बिनधास्त राहतात आणि ऐनवेळी मुदत संपलेली सापडते.

नावाचा घोळ हा आपल्याकडचा खास. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. स्पर्धेच्या निकालात दोनच नावं, आणि पासपोर्टवर मुलाचं व वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. अमेरिकेच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात पासपोर्टवर आहे तसंच, त्याच रकान्यात लिहायचं. स्पर्धेची नोंदणीही त्याच नावाने करा.

आता व्हिसाचा प्रकार. हौशी खेळाडू, म्हणजे खेळण्याचे पैसे न घेणारा, बी-२ या पर्यटक व्हिसात बसतो. भारतात तो बहुधा बी-१/बी-२ असा एकत्रच मिळतो. क्लबातली मुलं आणि हौसेने पोहणारी प्रौढ मंडळी, दोघांनाही हाच लागतो. खेळाडूंसाठी पी-१ नावाचा वेगळा प्रकार आहे म्हणून कुणी एजंट तुमच्याकडून जास्त पैसे मागत असेल तर थांबा. पी-१ आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या खेळाडूंसाठी आहे आणि त्यासाठी अमेरिकेतून आधी अर्ज मंजूर व्हावा लागतो. सोबत जाणाऱ्या प्रशिक्षकांनी मात्र नीट विचार करावा. पगार इथल्या क्लबचा असेल आणि ते आपल्याच मुलांबरोबर जात असतील तर ठीक. तिथला क्लब शिकवण्याचे पैसे देणार असेल तर हा व्हिसा चालत नाही.

अर्ज भरणं, शुल्क भरणं, फोटो-ठशांची वेळ आणि मुलाखतीची वेळ घेणं ही कामं क्रमाने होतात. शुल्क १८५ डॉलर, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. फोटो ६ महिन्यांच्या आतला, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चष्म्याशिवाय. १६ वर्षांखालच्या मुलाचा अर्ज पालकाने भरला तर शेवटच्या पानावर तसं नमूद करायचं.

डीएस-१६० मध्ये दोन ठिकाणी लोक फसतात. एक, गेल्या ५ वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची खाती. मुलीने पोहण्याचे व्हिडिओ टाकायला इन्स्टाग्रामवर खातं उघडलंय हे आईला माहीतच नसतं आणि ती 'नाही' लिहून मोकळी होते. मुलांना शेजारी बसवून अर्ज भरा. दोन, अर्जाचा क्रमांक. चूक दुरुस्त करायला नवा अर्ज भरला की क्रमांक बदलतो, पण वेळ घेताना दिलेला जुनाच राहतो. हे दोन क्रमांक जुळले नाहीत तर वकिलातीच्या दारातून परत यावं लागतं.

आणि आता ते जाडजूड फायलीचं. प्रमाणपत्रं, पदकांचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, आयोजकांचं निमंत्रण. पालक हे सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत लावून नेतात आणि अधिकारी बहुतेक वेळा ते मागतही नाही. या व्हिसासाठी निमंत्रणपत्राची अटच नाही. अमेरिकेचा स्थलांतर कायदा असं धरून चालतो की तुम्ही तिथे कायमचं राहायला निघाला आहात. तसं नाही हे तुम्ही दाखवायचं, आणि ते इथल्या आयुष्यावरून दाखवायचं: शाळा, परीक्षा, पालकांची नोकरी, खर्च कोण करतंय. बहुतेक नकार येतात ते याच २१४(बी) कलमाखाली. मुलाचं टायमिंग कितीही चांगलं असलं तरी या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. मुलाला पाठ केलेलं भाषण देऊ नका. 'अमुक तारखेला दोन शर्यती आहेत, मग आठवडाभर फिरणार, जूनमध्ये शाळा सुरू होते' इतकं त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं की पुरे. २१४(बी) वर अपील नसतं. परिस्थिती बदलली असेल तर पुन्हा अर्ज करता येतो, शुल्क मात्र नव्याने.

मुलाखतीनंतर २२१(जी), म्हणजे त्याच कायद्याचं दुसरं कलम, लिहिलेला कागद हातात आला तर तो तुमच्या अर्जावरचा शेवटचा शब्द नसतो. त्यात काही कागद मागितले असतील तर ते एका वर्षाच्या आत द्यायचे असतात. कित्येक जण 'झालं, नाकारलं' म्हणून तो कागद कपाटात ठेवून देतात आणि वर्ष उलटून जातं. असं पाहिलं की जीव तुटतो.

तारखांबद्दल हात जोडून सांगते. अमेरिकन आयोजक आधी महिना लिहितात, मग दिवस. ०५/०६ म्हणजे ६ मे, ५ जून नव्हे. मुदतीची वेळही तिथल्या घड्याळाची असते. शिवाय तिथल्या पुष्कळ स्पर्धा २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात होतात. मीटरमधली वेळ यार्डांच्या रकान्यात टाकली की मूल पात्र असूनही अपात्र दिसतं. माहितीपत्रकात कुठल्या मापाची वेळ मागितली आहे ते वाचा, आणि आपल्या राष्ट्रीय जलतरण महासंघाचं परवानगीपत्र हवं का हे आयोजकांना ईमेलने आधीच विचारा. हे पत्र बहुतेकांकडे नसतं आणि ते एका दिवसात मिळत नाही.

म्हणून स्पर्धेची प्रवेशिका आली की मग व्हिसाकडे वळायचं, हा क्रमच उलटा करा. मुलाखतीच्या तारखेसाठी काही महिने थांबावं लागू शकतं. तातडीची वेळ मागण्याची सोय आहे, पण त्यासाठी आधी साधी वेळ घेतलेली असावी लागते, आणि ऐनवेळी ठरवलेल्या सहलीसाठी ती मिळत नाही. 'आमचं मूल भारतासाठी पोहतंय' म्हणून दार उघडेल या भरवशावर विमानाची तिकिटं काढू नका.

व्हिसा मिळाल्यावरचं एकच. पासपोर्टवर १० वर्षांची तारीख दिसली म्हणून तितके दिवस राहता येत नाही. राहण्याची मुदत विमानतळावर ठरते आणि आय-९४ या ऑनलाइन नोंदीत दिसते. उतरल्यावर ती उघडून प्रत्येक मुलाचं नाव आणि तारीख तपासा. पुढे पासपोर्टची मुदत संपली तरी त्यातला व्हिसा चालू राहतो, तेव्हा जुना पासपोर्ट टाकून देऊ नका; नव्यासोबत तोही घेऊन जायचा असतो.