पार्श्वभूमी : गाडीची टाकी आटत कशी गेली

गणपतीच्या आदल्या दोन-तीन रात्री सायन-पनवेल रस्त्यावरच्या पंपांवर उभं राहिलं की एक प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. टपावर बांधलेलं सामान, मागच्या सीटवर झोपलेली मुलं, मांडीवर फराळाची पिशवी. गाडी चालवणारा काच खाली करून ‘फुल कर’ म्हणतो, झिरो बघतो आणि पंचविसाव्या लिटरच्या आसपास नोझल टक्कन बंद होतं. ‘झाली?’ असं तो विचारतो. ‘झाली. नव्या गाड्यांची एवढीच असते.’ पंपावरच्या पोराला हे उत्तर पाठ झालेलं असतं.

सावंतवाडी मुंबईपासून साधारण पाचशे किलोमीटर. सत्तावीस लिटरची टाकी, त्यातले चार-पाच लिटर तळाशी राखायचे, पाच माणसं, एसी आणि घाटांचे चढ. गाडी लिटरला पंधरा-सोळा देत असेल, तर साडेतीनशे किलोमीटरवर दिवा लागतो. म्हणजे ऐन कोकणात, जिथे पुढच्या पंपावर आधीच शंभर गाड्या उभ्या आहेत तिथे, पुन्हा रांग. नवी गाडी घेतलेल्या माणसाची चिडचिड इथून सुरू होते. ती मला अगदी रास्त वाटते. पण ही टाकी एका दिवसात लहान झालेली नाही, आणि ती लहान होण्याला एकच कारणही नाही.

मुळात लहान टाकी ही आपल्याकडे नवलाई नाही. १४ डिसेंबर १९८३ला पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींनी ग्राहकाच्या हाती दिली. पुढे घराघरांत पोचलेल्या त्या गाडीची टाकी होती २८ लिटरची. तिच्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं आठवत नाही. गाडी हलकी होती, सुरुवातीच्या बहुतेक गाड्यांना एसी नव्हता आणि रस्तेही मोकळे होते. शिवाय टाकी पूर्ण भरायची कुणाला सवय होती? मुंबईत पेट्रोल लिटरवर कमी आणि रुपयांवर जास्त मागितलं जायचं. ‘शंभरचं टाक’ म्हणायचं आणि निघायचं. काटा अर्ध्याच्या वर गेलेली गाडी म्हणजे पगार नुकताच झालाय, असा साधा हिशेब होता.

टाकी फुल व्हायची ती दरवाढीच्या रात्री. तेव्हा पेट्रोलचे भाव सरकार ठरवायचं. संध्याकाळच्या बातम्यांत ‘आज मध्यरात्रीपासून’ हे शब्द आले की बाबा लोक चपला घालून उठायचे. दादर, सायन, चेंबूरच्या पंपांवर अकरापर्यंत रांगा लागायच्या. चेंबूरकरांना तर माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्यांच्या ज्वाळा घरातून दिसायच्या, तरी रांग चुकायची नाही. त्या एका रात्री टाकीचा आकार म्हणजे थेट पैसे होते. जितकी टाकी मोठी, तितकी बचत.

जून २०१०मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले. मे २०१२मध्ये एका फटक्यात सात रुपयांहून जास्त दरवाढ झाली, त्या रात्रीची रांग मुंबईकरांच्या चांगली लक्षात असेल. मग १६ जून २०१७पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले आणि मध्यरात्रीची ती धावपळ संपली. त्याच सुमारास उलट्या बाजूनं दुसरा बदल झाला. पगार वाढले, हप्त्यानं गाड्या आल्या, कार्ड आणि फोननं पैसे देणं सोपं झालं, शनिवार-रविवार बाहेर पडायची सवय लागली. लोक टाकी फुल करायला लागले. माझ्या मते या साऱ्या तक्रारीचं मूळ इथे आहे. मालक टाकी काठोकाठ भरायला लागले, नेमक्या त्याच काळात कंपन्यांनी ती लहान करत आणली.

स्विफ्टचंच बघा. २००५ची पहिली स्विफ्ट ४३ लिटरची होती, दुसरी पिढी ४२ची, २०१८ची तिसरी ३७ची आणि २०२४ची चौथीही ३७चीच. वॅगनआर ३५ची होती. २०१९मध्ये ती आधीपेक्षा लांब-रुंद झाली, टाकी मात्र ३२ची झाली. ग्रँड आय१०मध्ये ४३ लिटर मावायचे, तिच्या पुढच्या पिढीच्या निऑसमध्ये ३७. जुन्या अल्टोत ३५, आताच्या अल्टो के१०मध्ये २७. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या मारुती ८००पेक्षाही एक लिटर कमी, आणि आजची गाडी तिच्याहून जड, एसी सतत चालू असलेली.

हे आकडे खाली आणणारा पहिला रेटा करातून आला. २००६च्या अर्थसंकल्पात लहान गाडीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत. त्यात बसणाऱ्या गाडीचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. पुढे जीएसटीतही चार मीटरची रेघ टिकली. सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आत १८ टक्के आणि बाहेर ४० टक्के इतका फरक आहे. एवढा फरक असल्यावर कंपन्या चार मीटरच्या आत सगळं घर बसवायला लागल्या. डिझायरची २०१२ची आवृत्ती ३९९५ मिलिमीटरवर आणली ती त्याचसाठी. गिऱ्हाईक शोरूममध्ये गुडघ्याला जागा बघतं, डिकी उघडून बॅगा मावतील का बघतं. टाकी कुणी वाकून बघत नाही. जागेची ओढाताण झाली की न दिसणाऱ्या वस्तूचं माप आधी कमी होतं.

ती कुठे बसते हेही महत्त्वाचं. आता टाकी मागच्या सीटखाली, मागच्या चाकांच्या पुढे ठेवतात, कारण मागून धडक बसली तर ती तिथे सगळ्यात सुरक्षित असते. नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७पासून आणि सगळ्याच गाड्यांना १ ऑक्टोबर २०१९पासून धडक-चाचणीचे नियम लागू झाले. हा बदल चांगलाच झाला आणि त्यासाठी दोन लिटर गेले तर माझी तक्रार नाही. पत्र्याच्या जागी साच्यातून काढलेली प्लास्टिकची टाकी आली. ती वेड्यावाकड्या जागेतही बसते आणि गंजत नाही. तरी सायलेन्सरचा पाइप, मागचा अ‍ॅक्सल आणि सीटची उंची यांच्यामध्ये उरेल तेवढीच जागा तिच्या वाट्याला येते.

दुसरा रेटा वजनाचा. एप्रिल २०१७पासून प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा आली : किलोमीटरला साधारण १३० ग्रॅम. एप्रिल २०२२पासून ती ११३वर आली. गाडी हलकी केली की मायलेज वाढतं, म्हणून प्रत्येक भाग तासला गेला. टाकीच्या बाबतीत मात्र हे कारण मला पूर्ण पटत नाही. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आतबाहेर भरतं. पाच लिटर कमी केले तर वाचले चार किलो, चौथीतल्या मुलाच्या दप्तराएवढे. तेवढ्यानं मायलेजमध्ये कळण्यासारखा फरक पडत नाही.

खरा हिशेब वेगळा आहे आणि तो कागदावर अगदी बिनचूक दिसतो. नव्या स्विफ्टचं जाहीर मायलेज २४.८ किलोमीटर. त्याला ३७ने गुणा, नऊशेहून जास्त किलोमीटर होतात. एका टाकीत मुंबई ते नागपूर जाऊन वर उरेल! मग टाकी मोठी कशाला ठेवायची? इंजिन सुधारलं, तेवढंच अंतर कमी पेट्रोलमध्ये मिळतंय, म्हणून टाकी कमी केली. कंपनीच्या बाजूनं पाहिलं तर यात काही चूक नाही.

पण ते २४.८ येतात कुठून? पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात. ठरवून दिलेल्या गतीनं साधारण वीस मिनिटं चालवतात. कमाल वेग ताशी ९० आणि एसी बंद. सगळ्या गाड्या एकाच मापानं तोलायच्या तर ही पद्धत ठीक आहे. त्या आकड्यावरून टाकी ठरवली की मात्र मुंबईकराची पंचाईत होते. मुंबईची गाडी अंधेरीच्या पुलाखाली दुसऱ्या गिअरमध्ये, मे महिन्यात, एसी तीनवर ठेवून चालते. बोरिवलीहून बीकेसी, जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर. अ‍ॅव्हरेज पडतं बारा. सत्तावीस लिटरच्या टाकीतले बावीस हाताला लागतात, म्हणजे दोनशे चौसष्ट किलोमीटर. सोमवारी फुल केलेली टाकी शुक्रवारी संध्याकाळी दिवा दाखवते. दर आठवड्याला पंप! आणि तोही अशा शहरात, जिथे जागेचे भाव चढत गेले तसे जुने पंप एकेक करून मिटले.

मी ‘हाताला लागतात’ म्हटलं त्यालाही इतिहास आहे. कार्बोरेटरच्या काळात पेट्रोलचा पंप इंजिनाला लावलेला असायचा आणि तो टाकीतून पेट्रोल ओढायचा. पेट्रोल संपलं की गाडी ठसकत बंद पडायची. दोन लिटर ओतले, चार वेळा सेल्फ मारला, की निघाली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं दोन हजार सालाच्या आसपास फ्युएल इंजेक्शन आलं आणि विजेवर चालणारा पंप थेट टाकीत जाऊन बसला. हा पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी वारंवार तळाला नेली तर तो तापतो, आणि बदलायचा खर्च हजारांत जातो. म्हणून मेकॅनिक बजावून सांगतात : पाव टाकीच्या खाली नेऊ नका. वरच्या बाजूलाही तसंच. नोझल बंद झाल्यावर जोर लावून भरलं तर पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरतं आणि तो बाद होतो. वरून भरता येत नाही, खालून संपवता येत नाही. मारुती ८००चे २८ लिटर आणि आजचे २७ यांत दिसायला एका लिटरचा फरक आहे, वापरायला पाच-सहा लिटरचा.

मधली काही वर्षं ही गोष्ट झाकली गेली, ती डिझेलमुळे. २०१२च्या सुमारास मुंबईत पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरला तीसएक रुपयांचं अंतर होतं आणि लोक डिझेल गाड्यांवर तुटून पडले होते. ४२ लिटरची टाकी, हायवेला वीसचं अ‍ॅव्हरेज, आठशे किलोमीटर निर्धास्त. ऑक्टोबर २०१४मध्ये डिझेलचे भावही मोकळे झाले, एप्रिल २०२०मध्ये प्रदूषणाचे आणखी कडक बीएस-६ नियम आले आणि लहान गाड्यांतलं डिझेल जवळजवळ संपलं. आज त्या जुन्या गाड्या देऊन पेट्रोल गाडी घेणाऱ्यांचा हिरमोड सगळ्यात मोठा असतो. आठशेची सवय लागलेल्या माणसाला साडेचारशेवर आणून ठेवलं आहे.

त्यात इथेनॉल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं मद्यार्क. याची सुरुवातही महाराष्ट्राच्या ओळखीची आहे, कारण २००१च्या पहिल्या प्रायोगिक ठिकाणांत मिरज आणि मनमाड होती. जून २०२२मध्ये देशभरात पेट्रोलमधलं इथेनॉल दहा टक्क्यांवर पोचलं, २०२५मध्ये वीसवर. उसाच्या शेतकऱ्याला आधार मिळतो आणि आयात घटते, हे मान्यच आहे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ३७ लिटरच्या टाकीत आता सात-साडेसात लिटर इथेनॉल, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं टाकी साडेचौतीस लिटरचीच उरली. जुन्या, कमी इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच होता. टाकीला कुणी हात न लावता ती आणखी आटली.

मुंबईत यावर उतारा म्हणून लोक सीएनजीकडे वळतात. तिथे सिलिंडरचा आकडा ६० लिटर असतो, पण ते त्यात पाणी किती मावेल त्याचं माप. त्यात गॅस भरतो आठ-नऊ किलो, आणि पंपावर दाब कमी असेल तर तेवढाही नाही. १७ नोव्हेंबर २०२५च्या सोमवारी ट्रॉम्बेजवळ मुख्य गॅसवाहिनीला इजा झाल्यानं मुंबईतले बरेच सीएनजी पंप कोरडे पडले, तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. १ जानेवारी २०२४ला टँकरचालकांच्या संपानं पेट्रोलचीही तीच गत झाली होती. पंपांपुढच्या रांगांच्या त्या दिवसांत मोठी टाकी असलेला माणूस निदान दोन दिवस घरी थांबू शकत होता. गुजरातकडे जाणाऱ्यांचंही तसंच. तलासरी ओलांडली की पेट्रोल लिटरला आठ-नऊ रुपयांनी स्वस्त मिळतं. २७ लिटरच्या टाकीला त्या स्वस्ताईचा कितीसा उपयोग?

टाकी मोठी करता येतच नाही, असं मात्र नाही. २३ मार्च २००९ला मरीन ड्राइव्हच्या पारशी जिमखान्यावर टाटा नॅनो बाजारात आली, तेव्हा तिची टाकी होती १५ लिटरची. पेट्रोल भरायला पुढचं बॉनेट उघडायला लागायचं. तीच नॅनो २०१५मध्ये जेनएक्स नावानं पुन्हा आली. बाहेरून गाडी जवळपास तेवढीच होती, आणि टाकी २४ लिटरची.