नवगाव-खंडाळे यात्रा

ठाणे शहर व परिसरातील बेने इस्राएल (मराठीभाषक ज्यू) कुटुंबांत रूढ असलेली, अलिबाग तालुक्यातील (जि. रायगड) दोन स्थळांची यात्रा. नवगाव येथे समाजाच्या बुडून मेलेल्या पूर्वजांच्या कबरी आहेत, अशी श्रद्धा आहे. खंडाळे येथील खडकाशी संदेष्टा एलियाहू हन्नाबी याच्या आगमनाची कथा निगडित आहे (हे खंडाळे लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याहून निराळे). पहिल्या ठिकाणी मृतांचे स्मरण होते, दुसऱ्या ठिकाणी नवस बोलला किंवा फेडला जातो. दोन्ही स्थळे एकाच फेरीत करण्याचा प्रघात आहे.

परंपरेनुसार समाजाचे पूर्वज ज्या गलबतातून आले, ते खांदेरी-उंदेरी या बेटांजवळच्या समुद्रात फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या किनाऱ्याला लागल्या. उरलेल्यांची प्रेते नवगावच्या किनाऱ्यावर वाहत आली आणि दोन उंचवट्यांखाली, पुरुषांची एकीकडे व स्त्रियांची दुसरीकडे, पुरण्यात आली. धर्मग्रंथ गलबताबरोबर गेले. म्हणून पुढच्या पिढ्यांना ‘शेमा’ ही एकच प्रार्थना ठाऊक राहिली, असे सांगतात.

या घटनेचा काळ वादग्रस्त आहे. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती इ. स. पू. १७५ च्या सुमाराची मानली. अँटायोकस एपिफानेस या राजाच्या छळाला कंटाळून हे लोक निघाले, असे त्यांचे म्हणणे. समाजात आजही हेच मत सर्वाधिक प्रचलित आहे. काहींनी इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांशी संबंध जोडून काळ आणखी मागे नेला, तर काहींनी येमेन किंवा इराणमधून इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकात झालेल्या स्थलांतराचा तर्क केला. लेखी पुरावा मात्र बराच अलीकडचा आहे. मायमोनिडीझ या मध्ययुगीन ज्यू धर्मपंडिताच्या इ. स. १२०० च्या सुमाराच्या एका पत्रात शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सुंता यांपलीकडे धर्म न जाणणाऱ्या हिंदुस्थानातील ज्यूंचा उल्लेख येतो. तो बेने इस्राएलांनाच उद्देशून आहे, याबद्दल एकमत नाही. सार्टोरियस या मिशनऱ्याने १७३८ मध्ये केलेला उल्लेख निःसंदिग्ध समजला जातो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. त्यांची सरमिसळ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण ६५० ते १,०५० वर्षांपूर्वी झाली असावी, असा अंदाज त्यात आहे. सरमिसळीचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, ही गोष्ट या आकड्यांचा हवाला देताना अनेकदा सुटते.

सात जोडपी, म्हणजे चौदा जण, ही संख्याही चर्चेत राहिली आहे. परशुरामाने समुद्रातून वाहत आलेली चौदा प्रेते चितेवर शुद्ध करून जिवंत केली, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा याच किनारपट्टीवरची आहे. दोन्ही समाजांचे मूळ एक असल्याचे यावरून सुचवले गेले, पण त्याला आधार नाही. कोकणात फिरत असलेला एक कथाबंध दोघांनीही आपापल्या परीने उचलला असावा, हे अधिक संभवते. चौलसारखे जुने बंदर जवळ असल्याने एकाच गलबताऐवजी व्यापाराच्या निमित्ताने टप्प्याटप्प्याने वस्ती झाली, हे मतही विचारात घ्यावे लागते. नवगावचे उंचवटे त्यामुळे कालनिश्चितीला फारसे उपयोगी पडत नाहीत. समाजाने आपले पहिले मृत कुठे ठेवले आहेत असे मानले, हे मात्र ते निश्चित सांगतात. अलीकडच्या काळात तेथे स्मारकही उभारले गेले.

धर्माचे पुनरुज्जीवन करणाऱ्या डेव्हिड राहबी याची कथा याच परिसरातली. त्याने परीक्षेसाठी बायकांपुढे मासळी ठेवली. त्यांनी पर व खवले असलेली, म्हणजे ज्यू धर्माला चालणारी, तेवढी वेगळी काढली, बाकीची शिजवायला नकार दिला आणि हे लोक ज्यू असल्याची त्याची खात्री पटली. हा राहबी बाराव्या शतकातला की अठराव्या शतकातील कोचीनच्या राहबी घराण्यातला, यावरही मतभेद आहेत. दुसऱ्या मताकडे अभ्यासकांचा कल जास्त दिसतो.

खंडाळे येथील खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या व घोड्यांच्या टापांच्या मानल्या जातात. बायबलनुसार हा संदेष्टा मरण न येता अग्निरथातून स्वर्गात गेला; जाताना तो कोकणात उतरला होता, ही भर येथली. तू बिश्वात हा झाडांच्या नववर्षाचा ज्यू सण (हिब्रू शबात महिन्याची १५ तारीख, जानेवारी-फेब्रुवारी) हा येथील मुख्य दिवस. त्या दिवशी ‘मलिदा’ करतात. भिजवलेल्या पोह्यांत खवलेले ओले खोबरे, साखर, वेलची व सुका मेवा कालवून ताटात मधोमध रास रचतात, भोवती फळे मांडतात आणि सुवासासाठी सब्जाची डहाळी किंवा गुलाब ठेवतात. एलियाहूचे हिब्रू गीत म्हटले जाते, फळांवर व सुवासावर वेगवेगळे आशीर्वचन होते आणि मग ताट सर्वांना वाटतात. जेरुसलेमच्या मंदिरातील अन्नार्पणाशी मलिद्याचे नाते जोडले जाते. कोकणातील दर्ग्यांवर चढणाऱ्या याच नावाच्या नैवेद्याशी असलेले साम्य त्याहून ठळक आहे. लग्न, सुंता, नवे घर, परदेशप्रवास अशा निमित्तांनी मलिदा घरीही होतो.

ठाण्यातील वस्ती एकोणिसाव्या शतकात वाढली. टेंभी नाक्यावरील शार हाशमाइम हे सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ) १८७९ चे आहे. केहिमकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे येथे सर्रास आढळतात; त्यांतली बहुतेक गावे खाडीपलीकडच्या रायगडातली. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. आज भारतात उरलेल्या बेने इस्राएलांची मोठी वस्ती ठाण्यातच आहे. इस्राएलहून येणारे नातलगही ठाण्यात उतरून, येथील मंडळींना घेऊन अलिबागकडे जातात. आजी-आजोबांच्या कबरी गावाकडच्या कबरस्तानांत असल्यास तीही वाट करतात. अशा कबरींवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर असतो, आणि नव्या पिढीतल्या पाहुण्यांना तो बहुधा ठाणेकरच वाचून दाखवतात.

मृताच्या वार्षिक स्मरणदिनी सिनेगॉगमध्ये कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. कबरस्तानातून बाहेर पडताना हात धुतात. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासदिनाच्या (दरफाळणीचा सण) दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’ येतो. त्या दिवशी दानधर्म करतात. सणाला घरी आलेले पितर या दिवशी परत जातात, अशी जुनी समजूतही नोंदलेली आहे. भाद्रपदातील पितृपक्ष याच सुमारास येतो, त्यामुळे तुलनेचा मोह होतो. पण तिथीच्या जवळिकीपलीकडे ती फार ताणू नये.

ठाण्याहून पनवेल, पेण, वडखळमार्गे अलिबाग सुमारे १०० किमी. आहे. काही जण गेटवेहून मांडव्याची बोट घेतात. पावसाळ्यात ती बंद असते. अलिबागच्या इस्राएल आळीतील मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये थांबून पुढे जाण्याची पद्धत आहे. आधी नवगाव की आधी खंडाळे, असा नियम नाही.