मांजराची केसनिगा

पाळीव मांजराचे केस विंचरणे, गुंता सोडवणे, क्वचित अंग धुणे आणि हे सर्व करताना त्वचेची पाहणी करणे, या घरच्या घरी करावयाच्या कामांना मिळून मांजराची केसनिगा म्हणतात. मांजर स्वतःचे अंग चाटून स्वच्छ ठेवते. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले कठीण काटे असतात. त्यांच्या टोकांशी असलेल्या पन्हळीसारख्या खाचेत लाळ भरते व ती केसांच्या मुळापर्यंत पोहोचते, असे अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले. मात्र काटे मागे वळलेले असल्यामुळे जिभेला चिकटलेले केस मांजराला थुंकता येत नाहीत, ते गिळावेच लागतात. कधीकधी पोटात त्यांचा गोळा होतो व तो उलटीवाटे पडतो. नियमित विंचरल्याने गळणारे केस पोटात जाण्याआधीच फणीत येतात.

मुंबईत या कामाला हवामानाचे कारण जोडले जाते. पर्शियन जातीची लांब केसांची मांजरे थंड हवेला साजेसा दाट अंगरखा घेऊन वर्षभर दमट असणाऱ्या शहरात, बहुधा फ्लॅटच्या चार भिंतींत राहतात. जून ते सप्टेंबर या पावसाळ्यात एकदा भिजलेली आतली लव लवकर सुकत नाही, आणि ओलसर लवेखाली बुरशी व खाज यांना वाव मिळतो. घरात दिव्यांच्या उजेडात राहणाऱ्या मांजराचे केस ठरावीक ऋतूत न गळता थोडेफार बाराही महिने गळत राहतात. लांब केसांच्या मांजराला रोज, तर आखूड केसांच्या देशी मांजराला आठवड्यातून एकदोनदा विंचरणे पुरते.

विंचरण्याची वेळ मांजर जेवून सुस्तावल्यानंतरची निवडावी. गाल, हनुवटी व मान यांपासून सुरुवात करून पाठीकडे यावे, कारण तिथला स्पर्श बहुतेक मांजरांना आवडतो. पोट, मांड्यांचा आतला भाग व शेपटीचे मूळ शेवटी घ्यावे. फणी केस ज्या दिशेने उगवतात त्याच दिशेने फिरवावी. शेपूट आपटणे, पाठीची कातडी थरथरणे, कान मागे पाडणे या खुणा दिसताच थांबावे, भले अर्धेच अंग झालेले असो. तीन-चार मिनिटांत सोडलेले मांजर दुसऱ्या दिवशी आपणहून जवळ येते, धरून ठेवलेले मांजर फणी पाहताच पलंगाखाली जाते.

सर्वांत जास्त इजा जटा काढताना होते. कानामागे, काखेत व जांघेत सुटलेले केस गुंतून सुपारीएवढी घट्ट गाठ बनते आणि तिच्यासोबत खालची कातडीही वर ओढली जाते. मांजराची कातडी पातळ आणि ताणली जाणारी असल्यामुळे केस कुठे संपले व कातडी कुठे सुरू झाली हे डोळ्यांना कळत नाही. कात्रीचा एक घाव टाके पडण्याइतकी जखम करतो. म्हणून जटेला कात्री लावूच नये. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळावे, कातडीलगतचे केस दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरावेत म्हणजे ओढ मुळाला बसत नाही, आणि मग फणीच्या दातांनी टोकाकडून थोडे थोडे केस मोकळे करावेत. जटा सुटत नसेल, किंवा अनेक जटा मिळून नमद्यासारखा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीसारखा, थर झाला असेल, तर पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्यावी. उन्हाळ्यात उकडते म्हणून सरसकट अंगाचे केस भादरणेही योग्य नाही. केसांमुळे उन्हापासून त्वचेचे रक्षण होते.

निरोगी मांजराला आंघोळीची गरज क्वचितच पडते. तेल, रंग किंवा घाण लागली असेल तर कोमट पाणी व मांजरासाठीचाच शाम्पू वापरावा, डोके भिजवू नये, आणि टॉवेलने टिपून लव मुळापासून कोरडी करावी.

औषधी पदार्थांबाबतची चूक जिवावर बेतते. मांजराचे यकृत काही रसायने माणसाच्या किंवा कुत्र्याच्या यकृतासारखी निकामी करू शकत नाही, आणि अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट मांजर चाटून पोटात घेते. कुत्र्याच्या गोचिडांसाठीच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. त्याने मांजराला कंप व झटके येतात. रॉकेल, फिनेल, निलगिरी व टी-ट्री तेल, कापूर हेही अंगाला लावू नये. पिसवा आहेत की नाहीत हे पाहण्याचा सोपा उपाय असा: बारीक दातांच्या फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवावेत, ते तांबूस डाग सोडू लागले तर ती पिसवांची विष्ठा होय.

केसांतील बदल अनेकदा आजाराची पहिली खूण ठरतात. स्वतःला चाटणे सोडून दिलेले, अंग राठ व तेलकट दिसणारे मांजर दात, सांधे किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्याने त्रस्त असू शकते; म्हाताऱ्या व लठ्ठ मांजराला तर पाठीपर्यंत पोहोचताही येत नाही. केस जाऊन उघडी पडलेली, कोंडा सुटणारी गोल चकती बहुधा नायटा असते. तो बुरशीजन्य असून माणसांना, विशेषतः लहान मुलांना लागतो, म्हणून अशा मांजराची फणी वेगळी ठेवून हात धुवावेत व त्याला पशुवैद्याकडे न्यावे. परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच परिसरातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय ही शहरातील जुनी उपचारस्थाने आहेत.