चिंबोरी

चिंबोरी हा खाडीच्या चिखलात आणि कांदळवनात बीळ करून राहणारा दशपाद खेकडा. मालवणी मुलखात व गोव्यात त्याला कुर्ली म्हणतात. पायांच्या पाच जोड्यांपैकी पहिली डेंग्यांची, म्हणजे नांग्यांची, पुढच्या तीन चालण्याच्या, शेवटची वल्ह्यासारखी चपटी, पोहण्याची. भारतात सिला सेराटा आणि सिला ऑलिव्हेसिया या जाती आढळतात. सेराटाच्या डेंग्यावर, पंज्याच्या मागच्या पेरावर, बाहेरून दोन टोकदार काटे असतात. ती दोन किलोंच्या पुढेही जाते. पोटाखालची झडप नराची अरुंद, त्रिकोणी. वयात आलेल्या मादीची रुंद, गोलसर. मादीच्या आतली नारिंगी ‘लाख’ म्हणजे तिचे अंडाशय.

कवच वाढत नाही, म्हणून ते टाकावे लागते. आत नवे मऊ कवच तयार झाले की जुने पाठीमागून उकलते आणि चिंबोरी मागच्या मागे बाहेर सरकते. डेंग्यांतले मांस अरुंद सांध्यांतून ओढून काढायचे असल्याने ते आधीच आटलेले असते. बाहेर येताच ती पाणी शोषून फुगते. कवच कडक झाले तरी आत मांस भरायला काही आठवडे लागतात. दिसायला मोठी, हाताला हलकी, पोकळ चिंबोरी ती हीच. अमावास्येची भरलेली, पौर्णिमेची पोकळ असा ठोकताळा किनाऱ्यावर आहे, पण नुसत्या तिथीवर विसंबू नये. उलटी करून मागच्या पायांजवळ अंगठ्याने दाबावी. कवच दबले तर घेऊ नये.

मिलन बहुधा मादी कात टाकून मऊ असतानाच होते. अंडी घालायला ती समुद्रात उतरते. झडपेखाली चिकटलेली लाखो अंडी नारिंगीची काळपट झाली की फुटतात. अंड्यातून निघालेल्या डिंभाच्या, म्हणजे अळीच्या, झोइया नावाच्या पाच अवस्था आणि नंतरची मेगालोपा ओलांडल्यावर पिल्लू होते.

पोकळ चिंबोऱ्या निमखाऱ्या पाण्यात तीन-चार आठवडे ठेवून, रोज वजनाच्या ५ ते १० टक्के हलक्या प्रतीची मासळी घालून भरतात. प्रत्येकीला वेगळा खण हवाच: नुकती कात टाकलेली चिंबोरी बाकीच्यांच्या तावडीत सापडली की खाल्ली जाते. उरलेले खाद्य रोज काढावे, नाहीतर ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो.

पगोळीतून, म्हणजे चिंबोऱ्या पकडायच्या जाळीतून, काढताना मागून, पोहण्याच्या पायांच्या बुडाशी धरावी. डेंगा बोट चिरडू शकतो. डेंगे बांधून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवली तर कल्ले ओले राहून ती काही दिवस जगते. गोड्या पाण्यात बुडवून ठेवल्यास मरते. मेलेली चिंबोरी रांधू नये, कारण तिचे मांस फार लवकर नासते.